चर्चमधल्या काचचित्रांतलं बायबल कसं वाचावं: शार्त्रच्या एका खिडकीवर सराव

जुन्या चर्चमधल्या रंगीत खिडकीसमोर उभा राहिलेला माणूस बहुधा दोनपैकी एक करतो. रंग बघून हरखतो आणि पुढे सरकतो, नाहीतर माहितीपत्रक उघडून ‘हा मोशे, ही मरीया, तो पेत्र’ अशी हजेरी घेतो. पहिल्यात डोळ्यांना सुख मिळतं, दुसऱ्यात नावं कळतात. पण खिडकीला काय म्हणायचं आहे ते दोन्हींत हाती लागत नाही. कारण ते एकेका चित्रात फारसं नसतंच. कोणत्या प्रसंगाशेजारी कोणता प्रसंग बसवलाय, यात ते असतं.

हा शेजार वाचायचा कसा, ते इथे क्रमानं सांगतो. सरावासाठी एकच खिडकी घेतली आहे: फ्रान्समधल्या शार्त्र इथल्या कॅथीड्रलमधली (बिशपच्या मुख्य चर्चमधली) चांगल्या शोमरोन्याची खिडकी, १३व्या शतकाच्या सुरुवातीची. ११९४ च्या आगीत जुनी इमारत जवळजवळ सगळी गेली, आणि नव्यानं उभारलेल्या कॅथीड्रलमध्ये ही खिडकी बसली. तिथे जाणं होणार नसेल तरी अडत नाही. तिची चौकट-चौकट स्वच्छ दिसतील अशी छायाचित्रं इंटरनेटवर सहज सापडतात. एकदा हात बसला की हीच रीत इतर कुठल्याही खिडकीला लावता येते.

आधी वाचन, मग प्रवास

बायबलचा अभ्यास हवा असं नाही, पण दोन उतारे वाचूनच जा: लूकच्या शुभवर्तमानातला (येशूचं जीवन सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकातला) दहावा अध्याय, ओवी २५ ते ३७, आणि बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे, म्हणजे उत्पत्तीचे, पहिले चार अध्याय. मराठी बायबल फोनवरही मिळतं. अर्ध्या तासाचं काम आहे.

लूकमधली गोष्ट थोडक्यात अशी. नियमशास्त्राचा एक पंडित येशूला विचारतो, ‘माझा शेजारी कोण?’ येशू सरळ उत्तर देण्याऐवजी दाखला सांगतो. एक माणूस यरुशलेमहून खाली यरीहोला निघाला होता. वाटेत लुटारूंनी त्याला गाठलं, कपडे काढून घेतले, मारलं आणि अर्धमेला टाकून दिला. एक याजक, म्हणजे मंदिरातला पुरोहित, आला, बघून दुसऱ्या बाजूनं निघून गेला. लेवी, म्हणजे मंदिराच्या सेवेतला माणूस, आला, तोही गेला. मग शोमरोनी आला, म्हणजे ज्यांच्याशी यहूदी लोक संबंध ठेवत नसत त्यांच्यातला. त्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेऊन सेवा केली आणि निघताना मालकाच्या हातावर दोन दीनार ठेवून सांगितलं, जास्त लागले तर परत येताना देईन.

तो शेवटचा तपशील, दोन दीनार आणि परत येण्याचा शब्द, विसरू नका. खाली कामाला येणार आहे.

सोबत तीन गोष्टी घ्या: दुर्बीण, वही, पेन्सिल. दुर्बीण आठपट मोठं दाखवणारी पुरे. त्याहून जास्त ताकदीची हातात थरथरते. दुर्बिणीशिवाय जाऊ नका, हे मी आग्रहानं सांगेन. १३व्या शतकातल्या चित्रकारानं काचेवर ओढलेली भुवईची रेघ नुसत्या डोळ्यांना खालून दिसत नाही, आणि पुष्कळदा गोष्ट त्या भुवईतच असते.

हवा कोणती असावी? लख्ख ऊन असेल तर बरं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पातळ ढगांचा दिवस चांगला. थेट उन्हात निळी काच आपला प्रकाश आजूबाजूला पसरवते, तिच्या शेजारच्या बारीक रेघा बुजतात, आणि खाली फरशीवर रंगांचे ठिपके पडून सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं. शार्त्रच्या दक्षिणेकडच्या खिडक्या दुपारी झगमगतात, पश्चिमेकडच्या तीन उंच खिडक्यांचा भर दुपारनंतर. पण चेहरे वाचायचे असतील तर ढगाळ सकाळ पकडा. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून आगगाडीनं साधारण तासाभरात पोचता येतं, त्यामुळे हवा बघून दिवस ठरवणं जमतं. मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, चालू असताना मात्र फिरू नका. ते आजही उपासनेचं ठिकाण आहे.

पहिली पायरी: तुम्ही कुठल्या बाजूला आहात

मध्ययुगीन चर्चची मुख्य वेदी सहसा पूर्वेला असते. वेदीकडे तोंड करून उभे राहिलात की डावा हात उत्तर, उजवा दक्षिण. काचचित्रांच्या अभ्यासकांनी खिडक्यांना क्रमांक देण्याची एक पद्धत रूढ केली आहे. पूर्वेच्या टोकाची मधली खिडकी शून्य, तिथून उत्तरेकडे विषम आकडे आणि दक्षिणेकडे सम. शोमरोन्याच्या खिडकीचा क्रमांक ४४ आहे. म्हणजे नकाशा न बघताही कळतं की ती दक्षिण बाजूला, वेदीपासून बरीच लांब, जिथे सामान्य लोक उभे राहत त्या भागात आहे. छायाचित्रं शोधतानाही हाच आकडा उपयोगी पडतो.

बाजूला अर्थ असतो का? कधीकधी असतो. शार्त्रच्या उत्तरेकडच्या मोठ्या गोल खिडकीत मरीया आणि जुन्या करारातली (बायबलच्या येशूपूर्वीच्या भागातली) माणसं आहेत, तर दक्षिणेच्या गोल खिडकीत प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला वैभवशाली ख्रिस्त. तरी ‘उत्तर म्हणजे जुना करार, दक्षिण म्हणजे नवा’ असा नियम करून टाकू नका. खालच्या खिडक्यांतच तो मोडतो.

दुसरी पायरी: चित्र नको, आधी लोखंड बघा

नवखा माणूस थेट चित्रात घुसतो. थांबा. खिडकीतल्या जाड काळ्या पट्ट्या बघा. त्या लोखंडाच्या आहेत आणि काचेचं वजन त्या पेलतात. त्यांहून बारीक, वेड्यावाकड्या काळ्या रेघा शिशाच्या. त्या काचेचे तुकडे जोडतात. लोखंडानं खिडकीची पानं पाडली आहेत, शिशानं पानावरची आकृती.

शार्त्रच्या पश्चिमेकडच्या खिडक्या आगीतून वाचलेल्या, १२व्या शतकाच्या मध्याच्या. तिथलं लोखंड सरळ आहे, उभं-आडवं. येशूच्या बालपणाच्या मधल्या खिडकीत म्हणूनच चौकोन आणि वर्तुळ आलटून पालटून येतात, आणि वाचणं सोपं जातं. पुढच्या पिढीत लोहारांनी पट्ट्या वाकवायला घेतल्या आणि वर्तुळं, पाकळ्या, समभुज चौकोन असे आकार निघाले. शोमरोन्याच्या खिडकीत चार पाकळ्यांच्या मोठ्या आकृत्या आहेत, आणि एकंदर दोन डझनांच्या आसपास चौकटी.

वहीत आता फक्त हा सांगाडा काढा. माणसं नकोत, रंग नकोत. प्रत्येक रिकाम्या घराला खालून वर आकडे द्या. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण ते टाळलं की पुढे ‘तो घोड्याचा प्रसंग वरचा की खालचा’ हे आठवत नाही, आणि घरी गेल्यावर शंभर छायाचित्रांचा नुसता ढीग उरतो.

वाचायची दिशा? पहिला अंदाज असा धरा: तळापासून वर, आणि प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे. शार्त्रमध्ये तो बहुतेक ठिकाणी खरा ठरतो. काही खिडक्या नागमोडी जातात आणि काही थेट वरून खाली येतात. म्हणून अंदाजावर विसंबू नका, तपासा. ओळखायला सोपे असे तीन प्रसंग शोधा (सापाचं झाड, खून, सिंहासनावरचा ख्रिस्त असे) आणि ते बायबलमधल्या क्रमानं येतात का बघा. तीन ठिकाणं जुळली की दिशा पक्की.

तिसरी पायरी: तळाच्या ओळीत काय चाललंय

सगळ्यात खालच्या चौकटींत बायबल शोधत बसू नका. तिथे जोडे करणारे कारागीर आहेत. कामात गढलेले, आणि खिडकी अर्पण करणारेही. शार्त्रभर हे असंच आहे: नोहाच्या खिडकीखाली सुतार, चाकं करणारे आणि पिंपं करणारे; योसेफाच्या खिडकीखाली पैसे मोडून देणारे सराफ.

याचा अर्थ त्या त्या धंद्यातल्या लोकांनी वर्गणी काढून खिडकी दिली, असं पूर्वी सरसकट सांगत. आता अभ्यासकांत त्यावर वाद आहे. पैसा खरंच त्यांचा होता का, तो राजीखुशीनं आला का, की चर्चच्या अधिकाऱ्यांनी गावच्या धंद्यांना चित्रात बसवून आपला वचक दाखवला? पर्यटकांना मात्र अजून जुनीच गोड गोष्ट ऐकायला मिळते. तुम्ही वहीत एवढंच लिहा: ‘खाली चर्मकार.’ वर एका लांबच्या पायी वाटेची गोष्ट आहे आणि खाली जोडे शिवणारे बसलेत. हा योगायोग असेलही, पण टिपून ठेवायला काय हरकत.

चौथी पायरी: माणसं ओळखणं

इथे चेहऱ्यावर जाऊ नका. मध्ययुगीन चित्रकार एकच चेहऱ्याचा ठसा दहा जणांना देतो. खुणा बघा.

सगळ्यात कामाची खूण म्हणजे डोक्यामागचं प्रभावलय. साधं वलय संताला किंवा देवदूताला असतं. वलयाच्या आत क्रूस असेल तर ती व्यक्ती ईश्वर आहे. इथे एक मेख आहे. उत्पत्तीच्या प्रसंगांतही, जिथे देव आदामाला घडवतोय, चित्रकार हेच क्रूसाचं वलय देतो आणि निर्मात्याला ख्रिस्तासारखाच काढतो. पुस्तकात येशूच्या जन्माला अजून शेकडो पानं अवकाश आहे, खिडकीत मात्र तो पहिल्या दिवसापासून हजर. हे नुसतं चित्रकाराच्या हाताचं वळण म्हणून सोडून देऊ नका. या खिडकीचा अर्धा अर्थ त्यात आहे.

बाकीच्या खुणा भराभर: किल्ल्या पेत्राच्या, तलवार आणि टक्कल पौलाचं, दाढी नसलेला तरुण शिष्य बहुधा योहान, सुगंधी तेलाची कुपी मग्दालीया मरीयेची. मोशेच्या डोक्यावर शिंगं दिसली तर दचकू नका, त्या काळात त्याला तसं काढत. पंख असलेला माणूस मत्तय, सिंह मार्क, बैल लूक, गरुड योहान. आडवा झोपलेला म्हातारा आणि त्याच्या अंगातून निघालेलं झाड म्हणजे दावीदाचा बाप इशाय. झाडाच्या फांद्यांवर राजे आणि शेंड्याला ख्रिस्त. टोकदार टोपी यहूदी माणसाची. ही खूण नेहमीच निरागस नसते. त्या काळच्या ख्रिस्ती युरोपात यहूद्यांविषयी जो आकस होता, तो काही खिडक्यांत त्या टोपीसकट उतरला आहे, आणि तेही वाचायला हवं.

हातही बोलतात. वर केलेली तर्जनी म्हणजे तो बोलतोय किंवा आज्ञा देतोय. गालावर टेकलेला तळहात म्हणजे दुःख. उघडे दोन्ही तळवे म्हणजे नवल किंवा स्वीकार.

रंगांचं काय? ‘निळा म्हणजे स्वर्ग, लाल म्हणजे रक्त, हिरवा म्हणजे आशा’ असे तक्ते फिरतात. मी ते बाजूला ठेवतो. कारागिराचा पहिला प्रश्न असायचा, निळ्या पार्श्वभूमीवर माणूस खालून उठून दिसेल कसा? म्हणून झगा लाल, शेजाऱ्याचा हिरवा, आणि गरज पडली तर घोडाही हिरवा. मग एखाद्या हिरव्या घोड्यावर आशेचं प्रवचन झोडण्यात अर्थ नाही.

पाचवी पायरी: गोष्ट लावणं

आता वहीतल्या घरांत शब्द भरा. चर्मकारांच्या वर येशू दाखला सांगताना दिसतो, ऐकणारे समोर. हे लक्षात घ्या, खिडकी दाखल्यापासून नव्हे तर दाखला सांगण्यापासून सुरू होते. सांगणारा कोण हे आधी ठरवून दिलं आहे.

मग प्रवासी शहराबाहेर पडतो. लुटारू दबा धरून बसलेले. मारहाण, कपडे ओढून काढणं. याजक आणि लेवी बघून पुढे जाणारे. शोमरोनी जखमा बांधणारा, जनावरावरून उतारशाळेकडे नेणारा, तिथे शुश्रूषा करणारा. ज्यांनी लूक वाचला आहे त्यांना हे सगळं फार तर दहा मिनिटांत लागतं.

प्रत्येक घरात दोनच नोंदी करा: काय घडतंय, आणि त्या माणसाची स्थिती कोणती, म्हणजे उभा, पडलेला, नागडा, कपड्यांत, एकटा, कोणाबरोबर. ही दुसरी नोंद विचित्र वाटेल. पुढच्या पायरीला तीच लागणार आहे.

सहावी पायरी: सांधा शोधा

आता वर सरका. उतारशाळेच्या वर काय यायला हवं? दाखला संपला, खिडकीही संपायला हवी. पण ती तर जेमतेम निम्मी झाली आहे. वर कोणतीही सूचना न देता, रेघ न मारता, क्रूसाचं वलय असलेला निर्माता आदामाला घडवायला बसलेला दिसतो. त्यानंतर एदेन बाग, हव्वेची निर्मिती, फळाविषयीची ताकीद, साप, फळ खाणं, देवाचं जाब विचारणं, बागेतून हकालपट्टी. मग घाम गाळणारा आदाम आणि सूत कातणारी हव्वा. काइन हाबेलाला मारतो. आणि सगळ्यात वर सिंहासनावरचा ख्रिस्त.

लूकच्या शुभवर्तमानावर थेट उत्पत्ती! पुस्तकाच्या हिशेबानं हे उलटं आहे. इथे बहुतेक पाहुणे ‘दोन वेगळ्या गोष्टी एका खिडकीत’ म्हणून सोडून देतात. तुम्ही वही उघडा आणि मघाची दुसरी नोंद शेजारी-शेजारी लावून बघा.

प्रवासी यरुशलेमच्या वेशीतून बाहेर पडतो. आदाम बागेतून बाहेर काढला जातो. प्रवाशाचे कपडे ओढून काढले जातात. आदाम-हव्वेला आपण नागडे आहोत हे उमगतं. प्रवाशाला वाटमारे मारतात. वर भाऊ भावाला मारतो. खाली प्रवाशापाशी शोमरोनी वाकलेला. वर आदामापाशी निर्माता.

हा मेळ शार्त्रच्या कारागिरांनी शोधलेला नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडितानं दाखल्याचा असा अर्थ लावला होता, आणि पुढे अँब्रोज, ऑगस्टीन वगैरे धर्मपंडितांनी तो चालवला. तो असा: वाटेवरचा माणूस म्हणजे आदाम, अर्थात सगळी मानवजात. यरुशलेम म्हणजे स्वर्गीय बाग, यरीहो म्हणजे हे जग. लुटारू म्हणजे दुष्ट शक्ती. याजक म्हणजे नियमशास्त्र, लेवी म्हणजे संदेष्टे (देवाचा निरोप सांगणारे). दोघांनी जखमी माणूस पाहिला, पण त्याला वाचवणं त्यांच्या हातात नव्हतं. शोमरोनी म्हणजे ख्रिस्त. उतारशाळा म्हणजे चर्च, आणि ‘परत येईन’ हा शब्द म्हणजे त्याचं दुसरं येणं. दोन दीनारांवर मात्र एकमत झालं नाही. ओरिजेनला त्यांत पिता आणि पुत्र दिसले, ऑगस्टीनला प्रेमाच्या दोन आज्ञा.

आपल्याकडचं कीर्तन ऐकलेल्या माणसाला ही रचना परकी वाटू नये. कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असतं. शार्त्रच्या कारागिरांनी आख्यान खाली ठेवलं आणि निरूपण वर. फरक एवढाच की इथे निरूपणही चित्रांतच आहे आणि ते कोणी गाऊन दाखवत नाही. मधली उडी बघणाऱ्यानं मारायची.

म्हणून ‘काचचित्रं म्हणजे अडाण्यांचं बायबल’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. सन ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी मार्सेच्या बिशपला लिहिलं होतं की निरक्षरांना वाचता येत नाही ते चित्रांत दिसतं, म्हणून चित्रं फोडू नयेत. तो युक्तिवाद चित्रं वाचवण्यासाठी होता. शोमरोन्याची ही खिडकी बघून कोणी अडाणी माणूस आपलाआप ओरिजेनपर्यंत पोचला असेल, हे पटत नाही. प्रवचनात ऐकलेलं आठवायला ती उपयोगी पडली असेल, आणि प्रवचन देणाऱ्याला हात दाखवायला.

दुसऱ्या कुठल्या खिडकीसमोर उभे असाल तर सांधा शोधायची युक्ती हीच: जिथे बायबलचा क्रम अचानक तुटतो तिथे थांबा, आणि वरच्या-खालच्या, डाव्या-उजव्या शेजाऱ्यांत समान काय ते बघा. पाणी? झाड? उचललेलं ओझं? बाहेर पडणं? मध्ययुगात काही जोड्या इतक्या रुळल्या होत्या की त्या पाठ केल्या तर निम्मं काम होतं. माशाच्या पोटातून तीन दिवसांनी निघालेला योना म्हणजे ख्रिस्ताचं पुनरुत्थान. गाझाच्या वेशीची दारं खांद्यावर घेऊन जाणारा शमशोन, तेच. इसहाकाला अर्पण करायला निघालेला अब्राहाम, खांबावर टांगलेला पितळी सर्प, सारफथच्या विधवेच्या हातातल्या दोन काटक्या आणि कनान देशातून काठीवर लटकवून आणलेला द्राक्षांचा घड, या सगळ्यांचा शेजार वधस्तंभाशी. जळूनही न जळणारं झुडूप आणि गिदोनाची लोकर मरीयेशी. तांबडा समुद्र ओलांडणं बाप्तिस्म्याशी.

या जोड्या इंग्लंडमध्ये कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये भरपूर सापडतात. शार्त्रमध्ये याच विचाराचं सगळ्यात धीट चित्र दक्षिणेच्या गोल खिडकीखाली आहे: यशयाच्या खांद्यावर मत्तय, यिर्मयाच्या खांद्यावर लूक, यहेज्केलच्या खांद्यावर योहान, दानीएलच्या खांद्यावर मार्क. संदेष्टे धिप्पाड, त्यांच्या खांद्यांवर बसलेले शुभवर्तमानकार लहान. मोठी माणसं मुलाला जत्रेत खांद्यावर घेतात तसे ते दिसतात म्हणून हसू येतं, पण ते हसू चित्रकारानं टाळलेलं नाही.

सातवी पायरी: समोरचं जुनं किती, नवं किती

अर्थ लावण्याच्या भरात एक तपासणी राहते. आठशे वर्षांच्या खिडकीत सगळे तुकडे आठशे वर्षांचे नसतात. चेहऱ्याच्या मधून, कपड्याच्या घडीशी काही संबंध नसलेली बारीक रेघ जात असेल, तर ती चित्राची नाही. तडा गेलेली काच जोडताना घातलेलं ते शिसं आहे. एखादं डोकं इतरांपेक्षा गुळगुळीत आणि सुबक असेल तर ते बहुधा १९व्या शतकातल्या दुरुस्तीचं. चौकटी काढून परत बसवताना जागा बदलल्याचीही उदाहरणं युरोपभर आहेत. म्हणून क्रम लागत नसेल तर स्वतःला दोष देण्याआधी ही शक्यता धरा.

शार्त्रच्या काचा या बाबतीत नशीबवान. तिथल्या धर्मगुरूंनीच १८व्या शतकात वेदीवर उजेड यावा म्हणून काही रंगीत खिडक्या काढून साध्या काचा बसवल्या, ते सोडलं तर बरंचसं टिकलं. १९३९ मध्ये युद्ध तोंडाशी आलं तेव्हा खिडक्या उतरवून सुरक्षित जागी हलवल्या आणि नंतर परत लावल्या. अलीकडे आतल्या भिंती घासून फिकट रंगवल्या आहेत. त्यावरून वाद झाला. काळोख्या भिंतींत काचा जास्त पेटतात असं म्हणणारे आहेत, आणि १३व्या शतकात भिंती अशाच उजळ होत्या असं सांगणारेही.

काळ ओळखायची एक सोपी कसोटी लक्षात ठेवा. शार्त्रच्या काळात रंग काचेच्या आतच असे. वितळलेल्या काचेत धातू मिसळून ती रंगवत आणि वर फक्त काळपट-तपकिरी रंगानं रेघा ओढून भाजत. थिओफिलस नावाच्या १२व्या शतकातल्या साधूनं ही कृती लिहून ठेवली आहे. दोन भाग बीच झाडाची राख आणि एक भाग वाळू मिसळून काच. जाळलेलं तांबं आणि हिरव्या-निळ्या काचेची पूड द्राक्षारसात किंवा मुतात खलून रेघांचा रंग. आकार कापायला तापवलेली सळई. म्हणजे तेव्हा पिवळे केस आणि पांढरा चेहरा हवा असेल तर दोन वेगळे तुकडे लागत, मधे शिसं. चांदीच्या क्षारानं पांढऱ्या काचेवरच पिवळी छटा आणायची युक्ती युरोपात १३०० च्या सुमारास आली. तेव्हा एकाच तुकड्यावर पांढरा चेहरा आणि पिवळे केस दिसले, तर तो तुकडा शार्त्रच्या त्या पिढीचा नाही.

मुंबईत आणि गोव्यात

जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये अशा खिडक्या शोधू नका. पोर्तुगीज काळात तिथे खिडकीला शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवत. त्यांतून दुधाळ उजेड येतो, चित्र नाही. तिथले धार्मिक प्रसंग लाकडी कोरीव वेदींवर आणि रंगवलेल्या फळ्यांवर आहेत. पद्धत तीच चालते, फक्त लोखंडाऐवजी सोनेरी चौकटी मोजायच्या.

मुंबईत मात्र ब्रिटिश काळातली काचचित्रं आहेत. कुलाब्याचं अफगाण चर्च म्हणजे संत योहानाचं चर्च. ते पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलं आणि १८५८ मध्ये अर्पण झालं. तिथल्या खिडक्या इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स यांच्या कारखान्यातल्या. १९व्या शतकातल्या अशा खिडक्यांसमोर वाचनाचा क्रम थोडा बदला. सुरुवात तळाच्या अक्षरांपासून करा. तिथे बहुधा कोणाच्या आठवणीत, कोणी दिली आणि कोणत्या साली, हे असतं. मग चित्रातल्या पट्टीवर लिहिलेलं वचन वाचा. आणि मग प्रश्न विचारा: या माणसासाठी हाच प्रसंग का निवडला? सैनिकाच्या आठवणीला शताधिपती (बायबलमधला रोमी सैन्याधिकारी), लहान मुलाच्या आठवणीला मुलांना जवळ घेणारा येशू, डॉक्टरच्या आठवणीला आजाऱ्याला बरं करण्याचा प्रसंग, अशा निवडी त्या काळात वारंवार दिसतात. शार्त्रमध्ये प्रसंगाचा शेजारी दुसरा प्रसंग होता. इथे प्रसंगाचा शेजारी खालचं नाव आहे.

छायाचित्रं काढताना

फ्लॅश बंद. तो काचेवर पडून काहीच दाखवत नाही, उलट शेजाऱ्याला त्रास. मोबाइलवर खिडकीच्या उजळ भागावर बोट दाबून प्रकाश कमी करा, म्हणजे आजूबाजूची भिंत काळी पडेल आणि काच नीट येईल. प्रथम पूर्ण खिडकी, मग वहीतल्या आकड्यांच्या क्रमानं एकेक घर. क्रम मोडायचा नाही, एखादं घर अस्पष्ट आलं तरी पुढचं घेण्याआधी तेच परत घ्या.

पुढचा सराव: तीच गोष्ट, उलट्या दिशेनं

शार्त्र जमल्यावर फ्रान्समधल्याच बूर्ज शहराच्या कॅथीड्रलमधली शोमरोन्याची खिडकी घ्या. काळ जवळजवळ तोच, गोष्टही तीच. पण ती वरून खाली वाचायची आहे. यरुशलेममधून निघालेला प्रवासी वर आहे आणि गोष्ट त्याच्याबरोबर उतरत जाते. आणि निरूपण इथे वेगळ्या मजल्यावर ठेवलेलं नाही. दाखला मधल्या मोठ्या वर्तुळांत, त्याचा अर्थ दोन्ही बाजूंच्या अर्ध्या वर्तुळांत. लुटारूंच्या बाजूला आदाम-हव्वा, याजक आणि लेवींच्या बाजूला मोशे आणि सोन्याचं वासरू, शोमरोन्याच्या बाजूला ख्रिस्ताला मारलेले फटके आणि वधस्तंभ.

वहीत दोन्ही सांगाडे समोरासमोर काढा आणि याजक-लेवींचं घर दोन्हींत शोधा. शार्त्रमध्ये ते दोघे नुसते निघून जाणारे दोन माणसं आहेत. ते नियमशास्त्र आणि संदेष्टे आहेत हे तुम्हाला बाहेरून माहीत असावं लागतं. बूर्जमध्ये मोशे शेजारीच उभा आहे, त्यामुळे ते खिडकीच सांगते. मला शार्त्रची रचना जास्त आवडते, कारण ती बघणाऱ्यावर काम सोडते. पण शिकायला बसलेल्या माणसाला मी आधी बूर्जचीच खिडकी दाखवीन.